सुगीसाठी गाडी येथे लावा

'ओरायझा मेडोज' या गृहसंकुलात भात पिकत नाही, ही गंभीर बाब सण, संस्कृती व सुगी उपसमितीच्या निदर्शनास ऑगस्ट महिन्याच्या तिसऱ्या रविवारी आली.

तोवर ती कुणाच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं, कारण संकुलाचं नावच भाताचं होतं. ओरायझा म्हणजे शास्त्रज्ञांच्या भाषेत भात, असं बिल्डरच्या माहितीपत्रकात सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं. पाच टॉवरांना पाच तांदळांची नावं होती: आंबेमोहर, इंद्रायणी, जिरेसाळ, कोलम आणि बासमती. बासमतीतून खाडी दिसे, त्यामुळे बासमतीतली मंडळी क्लबहाउसात कोलमवाल्यांशी जरा अंतर राखून बोलत. घोडबंदर रोडवर दीड तास अडकून घरी पोचलेला माणूस, "कुठं राहता?" असं विचारल्यावर "कोलम, बाविसावा मजला" असं सांगे, आणि सांगणाऱ्याला वा ऐकणाऱ्याला त्यात काहीच वावगं वाटत नसे.

त्या रविवारी उपसमितीनं लहान मुलांची प्रश्नमंजुषा ठेवली होती. 'भात कुठून येतो?' या प्रश्नाला सत्तर मुलांपैकी एकसष्ट मुलांनी 'गेटवरून' असं उत्तर लिहिलं. उरलेल्या नऊ जणांनी 'दहा मिनिटांत' असं लिहिलं.

उपसमितीचे अध्यक्ष गुरुदत्त केळुसकर हे एका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या टिपणांवर 'चर्चा करावी' असा शेरा मारला होता. आता त्यांच्यावर स्वतः चर्चा करण्याची वेळ आली. "आपली मुळं तुटत चालली आहेत," ते म्हणाले, आणि हे वाक्य इतिवृत्तात घ्यावं अशी त्यांनी सूचना केली.

"सर, मग आपण मुळांची एक ॲक्टिव्हिटी घेऊ या," सचिव श्रिया म्हणाली. ती एका कंपनीत माणसांना आनंदी ठेवण्याचं काम करी, त्यामुळे कुठल्याही दुःखाची दोन तासांत ॲक्टिव्हिटी करणं तिला जमे. "ऑक्टोबरात सुगी असते ना? मग शरद सुगी महोत्सव. लाइव्ह हार्वेस्ट. लोक शेतात उतरतील, भात कापतील, फोटो काढतील."

"पण शेत?"

सगळ्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. संकुलाच्या पूर्वेच्या भिंतीला लागून हिरवा चौकोनी रुमाल वाळत घातल्यासारखं अकरा गुंठ्यांचं एक शेत होतं. ते तिथं पहिल्यापासून होतं. आजवर त्याच्याविषयी उपसमितीत एकच ठराव झाला होता, तो बेडकांच्या आवाजाबद्दल.

*

शेत ठमाबाई मढवींचं. ठमाबाईंचं वय शहात्तर. त्यांचे यजमान काळुराम यांनी गावातल्या सगळ्यांसारखीच बाकीची जमीन कधीच देऊन टाकली होती. त्याबद्दल जिरेसाळ टॉवरमध्ये मिळालेले दोन फ्लॅट त्यांनी भाड्यानं दिले होते आणि स्वतः गावठाणातच राहत होते, कारण जिरेसाळमध्ये अंगण नव्हतं. या अकरा गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर मात्र ठमाबाईंचं नाव होतं, आणि त्यांनी अंगठा द्यायला साफ नकार दिला होता. बिल्डरची माणसं तीन वेळा पेढे घेऊन आली. ठमाबाईंनी तिन्ही वेळा पेढे ठेवून घेतले.

त्या शेताचा एक नियम होता. लोंब्या भरल्या, वजनानं त्यांनी माना खाली घातल्या, वारा आला की सासरी निघालेल्या पोरींसारख्या त्या एकमेकींच्या कानाशी लागू लागल्या, की घरातल्या सगळ्यांत वडील बाईनं विळा घ्यायचा आणि दोन मुठी कापायच्या. पहिली मूठ गावदेवीच्या पायरीवर ठेवायची. दुसरी बांधापलीकडच्या फेलिशियाच्या घरी द्यायची. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी फेलिशियाच्या चर्चमध्ये आगेरा असतो. नव्या पिकाच्या लोंब्या वाजतगाजत नेतात, पाद्री त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडतात आणि त्या घरोघरी वाटतात. फेलिशियाचं स्वतःचं शेत आता बासमती टॉवरच्या तळघरात होतं, तेव्हा लोंब्या यायच्या त्या ठमाबाईंकडूनच.

फार पूर्वी एका पावसाळ्यात बांध फुटून खाडीचं खारं पाणी शेतांत शिरलं होतं. तेव्हा दोन्ही घरांच्या बायकामाणसांनी पाण्यात आडवं पडून, अंगावर चिखल लिंपून बांध धरून ठेवला. त्या वर्षी जेमतेम दोन मुठी भात हाती आलं. ते कुणाचं, हे ठरेना. म्हणून एक मूठ देवीला गेली, एक चर्चला. तेव्हापासून दोन्ही मुठी पोचल्याशिवाय दोन्ही घरांत नव्या तांदळाचा दाणा शिजला नव्हता. गावात या गोष्टीला कुणी परंपरा म्हणत नसे. भात कापायची पद्धत म्हणत. ठमाबाई कापताना म्हणायच्या:

पयली मूठ गो माजी, गावदेवीचे पायरी,
दुसरी मूठ गो माजी, फेलीबायचे दारी.
दोनी मुठी पोचल्या गो, मंग चूल पेटली,
एका भाताचे वासानं, दोनी घरां भेटली.

*

उपसमितीचं शिष्टमंडळ अंगणात आलं तेव्हा ठमाबाई सुकट निवडत होत्या. श्रियानं नाकाला रुमाल लावला आणि लगेच, संस्कृतीच्या कामाला आलो आहोत हे आठवून, तो पर्समध्ये ठेवला.

"आजी, तुमच्या शेतात आम्हाला सण साजरा करायचाय," ती म्हणाली.

"करा की. मना कशाला इचारताव? सण काय माज्या बापाचा हाय?"

"शेताला काडीचाही धक्का लागणार नाही," केळुसकर म्हणाले. "तसं आम्ही लेखी देऊ."

"लेखी नको. पाय खाली बघून टाका म्हंजे झाला."

काळुराम ओटीवरून म्हणाले, "अगो, च्या टाक. सायेब लोक आलेत."

"च्या टाकतंय. पन एक आयका," ठमाबाई सुपातून मान वर न काढता म्हणाल्या. "पयल्या दोन मुठी माज्या. त्या मी कापनार. मंग तुमी कापा, नाचा, फोटो काढा, काय ता करा."

"अर्थात! हे तर फारच सुंदर आहे!" श्रियाच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. तिनं ते तसंच राहू दिलं आणि मोबाइल काढला. "आजी, हे पुन्हा एकदा म्हणाल का? इकडे बघून?"

'पहिल्या दोन मुठी श्रीमती ठमाबाई मढवी यांच्या' असा ठराव एकमतानं मंजूर झाला. उपसमितीनं ज्याचं पुढं काही केलं नाही असे ठराव बरेच होते, पण जो शब्दशः पाळूनही उलटा झाला असा हा पहिलाच.

*

महोत्सवाची तारीख ठरली ऑक्टोबरचा पहिला शनिवार. जोडून सुट्टी येत होती. सप्टेंबरच्या सुरुवातीला काळुरामांच्या नावे पहिलं पत्र आलं.

'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, कार्यक्रमाच्या दिवशी पीक किमान सत्तर टक्के सोनेरी असणे आवश्यक आहे. हिरवा भाग आढळल्यास तो दर्शनी बाजूस नसावा.'

काळुरामांनी ते वाचून दाखवलं. ठमाबाई म्हणाल्या, "भात हाय ना जे, भिंत हाय काय रंगवाला?"

दुसरं पत्र चिखलाबद्दल होतं. लहान मुलं शेतात उतरणार असल्यामुळे शेत चिखलविरहित ठेवावं, अशी पालकांची मागणी होती. तिसऱ्या पत्रानं डासांकडे लक्ष वेधलं, आणि पत्रापाठोपाठ धूर सोडणारं यंत्र घेऊन दोन माणसंच आली. संध्याकाळी बेडूक गप्प झाले. पुढच्या इतिवृत्तात त्याची नोंद 'शेताच्या परिसरात शिस्त' अशी झाली.

चौथ्या पत्राचा विषय बुजगावणं हा होता. त्याच्या अंगावर काळुरामांचा फाटका बनियन होता, आणि संकुलाच्या नियमावलीनुसार सार्वजनिक ठिकाणी बनियनवर उभं राहायला मनाई होती. बुजगावणं हटवण्यात आलं. त्या जागी काळुरामांच्या मुलाचा, विकीचा, हात जोडलेला दहा फुटी कटआउट लागला. खाली लिहिलं होतं, 'सुगीच्या शुभेच्छा! तुमच्या आशीर्वादानं भावी नगरसेवक'. हा बदल यशस्वी ठरला. दोन दिवस एक चिमणीही फिरकली नाही.

"पोरा, तुजा तोंड बघून पाखरां पलाली," ठमाबाई म्हणाल्या.

"आये, तू पन ना! ब्रँडिंग हाय ते," विकी म्हणाला. "केळुसकर सरांनी सांगितलंय, पाच टॉवर म्हंजे साडेचार हजार मतं. तू फक्त गप राव."

*

गाणं उपसमितीपुढे आलं तेव्हा खरी अडचण उभी राहिली.

गाण्याला कुणाचा विरोध नव्हता. ते अस्सल होतं, जुनं होतं, आणि त्याचे पैसे द्यावे लागणार नव्हते. पण दुसऱ्या ओळीतल्या फेलीबाईंमुळे जिरेसाळच्या प्रतिनिधींना प्रश्न पडला. "हिंदू सणाच्या गाण्यात चर्च कुठून आलं?" त्यावर इंद्रायणीच्या प्रतिनिधी म्हणाल्या की मग बाकीच्या धर्मांवर अन्याय होतो, एकेक मूठ सगळ्यांनाच द्यावी. कोलमनं लक्षात आणून दिलं की मुठी दोनच आहेत. बासमतीनं विचारलं की लाभार्थी फेलिशिया याच व्यक्तीची निवड कोणत्या निकषावर झाली. आंबेमोहरचे गृहस्थ झोपले होते. जागे झाल्यावर त्यांनी पाठिंबा दिला.

तीन बैठकांनंतर गाण्याचा सुधारित मसुदा मान्य झाला:

पहिली मूठ ग माझी, संबंधित देवतेच्या पायरी,
दुसरी मूठ ग माझी, शेजारील पात्र व्यक्तीच्या दारी.
दोन्ही मुठी पोचल्या ग, (पोचपावती घेतली),
सर्वसमावेशक वासाने, सर्व घरे भेटली.

महोत्सवाचं कंत्राट घेतलेला ऋतुराज हा तरुण गाण्याच्या तालमीला होता. त्यानं कानातला इअरफोन काढून ठमाबाईंचं गाणं ऐकलं आणि मान हलवली. "आजी, एकदम कडक! बस थोडं अजून गावठी पाहिजे. म्हणजे गावातल्या बाईसारखं."

"मंग मी कंच्या गावची हाय?"

"नाही म्हणजे... टीव्हीवर असतात ना, तशी. नाकात नथ, डोक्यावर पाटी. तुम्ही जरा नॉर्मल वाटता."

ठमाबाईंनी नॉर्मल वाटण्याबद्दल माफी मागितली नाही. त्यामुळे 'ग्रामीण ज्येष्ठ महिला' या भूमिकेसाठी मुंबईहून एक बाई बोलावण्यात आल्या. ठमाबाईंना त्यांच्या मागं, तिसऱ्या रांगेत, टाळ्या वाजवायला उभं करायचं ठरलं.

फेलिशिया हे ऐकून इतकी हसली की तिला ठसका लागला. "ठमे, तुझ्यापरीस तुझी डुप्लिकेट महाग!" मग ती हसायची थांबली. "पन मूठ मिलंल ना गो? या साली आगेऱ्याला लोंब्या आनाचा मान आमचे घराचा हाय. फादरना मी सांगून टाकलंय. आख्ख्या गावात आता दुसरं शेतच नाय."

"मिलंल," ठमाबाई म्हणाल्या. "ठराव केलाय त्यांनी."

*

नोंदणी उघडल्यावर चार दिवसांत सहाशे बारा कुटुंबांची नावं आली. नुसतं ओरायझा मेडोज नव्हे, माजिवड्यापासून पुढच्या सगळ्या संकुलांतली माणसं सुगीसाठी आतुर झाली होती. प्रत्येक कुटुंबाला मुळांशी नातं जोडायचं होतं, आणि प्रत्येक कुटुंब गाडीनं येणार होतं.

केळुसकरांनी तातडीची बैठक बोलावली. ती इतिवृत्तात पुढीलप्रमाणे नोंदली गेली. पाहुण्यांच्या गाड्या रस्त्यावर लावता येणार नाहीत, कारण रस्त्यावर आधीच गाड्या आहेत. त्या तळघरात लावाव्या लागतील. त्यासाठी रहिवाशांच्या गाड्या तळघरातून हलवाव्या लागतील. त्या लावण्यासाठी मोकळी, सपाट, संकुलाला लागून असलेली जागा हवी. अशी जागा एकच आहे.

सगळ्यांनी पुन्हा खिडकीतून खाली पाहिलं.

"पण सर, शेतात गाड्या लावल्या तर लाइव्ह हार्वेस्ट कुठं करायचं?" श्रियानं विचारलं.

"पोडियमवर," ऋतुराज लगेच म्हणाला. "क्लबहाउसच्या डोक्यावर हिरवं टर्फ आहेच. चारशे कुंड्या आणतो, आर्टिफिशियल भात. फुल गोल्डन. धुताही येतो. चिखल नाही, डास नाही, लहान मुलं सेफ."

"म्हणजे शेतीचा अनुभव शेतीवर अवलंबून राहणार नाही," केळुसकर म्हणाले. त्यांना हे वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते दोनदा म्हटलं. "आणि आपल्या लेखी आश्वासनाचं काय? धक्का लागणार नाही असं आपण म्हटलंय."

"गाड्या उभ्याच राहणार आहेत, सर. धक्का कुठं?"

मालकाच्या संमतीचा प्रश्न होता. विकीनं घरातल्या सगळ्यांच्या वतीनं सही केली, कारण पार्किंगच्या प्रवेशद्वारावरच्या कमानीवर त्याचा मोठा फोटो लागणार होता. "एक दिवसाचा प्रश्न हाय," तो बापाला म्हणाला. "टॉवर थोडीच बांधतायत!" काळुराम बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं ओटीची माती उकरत बसले. त्यांना महोत्सवात 'अखेरचा भूमिपुत्र' हा पुरस्कार मिळणार होता आणि फेट्याचं माप देऊन झालं होतं. ठमाबाईंना सांगायचं काम त्यांनी विकीवर टाकलं. विकीनं ते बापावर टाकलं होतं. अशा रीतीनं ते व्यवस्थित पार पडलं.

शुक्रवारी दुपारी ठमाबाईंना टाळ्यांच्या तालमीला बोलावण्यात आलं. तिसऱ्या रांगेत त्या अंधार पडेपर्यंत टाळ्या वाजवत होत्या. त्याच वेळात भिंतीपलीकडे जागांची आखणी झाली. उभ्या भातावर चुन्याचे पट्टे मारता येत नव्हते, म्हणून आधी भात आडवं करण्यात आलं. बासष्ट गाड्यांची सोय झाली. प्रवेशद्वारावर पाटी लागली: 'सुगीसाठी गाडी येथे लावा'. आणि जागा मर्यादित आहेत असं कळल्यामुळे रहिवाशांनी त्याच संध्याकाळी तळघरातून गाड्या काढून, दोनशे पावलांवर आणून लावायला सुरुवात केली.

*

शनिवारी सकाळी सात वाजता ठमाबाई न्हाऊन, हिरवं लुगडं नेसून, पदराआड विळा घेऊन शेतावर गेल्या. बांधाच्या जागी लोखंडी अडथळा होता. त्याच्यापलीकडे गणवेशातला पहारेकरी.

"आजी, गाडी नंबर?"

"मी चालत आलंय."

"पार्किंग आहे हे. पैदल एंट्री नाही."

"अरे बाबा, शेत हाय ता माजा."

"असेल. पण सिस्टीम गाडी नंबर मागते." त्यानं मोबाइल दाखवला. चौकटीत खरोखरच गाडीचा नंबर मागितला होता. शेत कुणाचं, असा रकाना नव्हता. "आणि हातात काय आहे? धारदार वस्तू अलाउड नाही."

"दोन मुठी कापून जातंय. ठराव हाय तसा."

"ठरावाचा क्यूआर आहे का?"

ठमाबाई उलट पावली फेलिशियाच्या दारात गेल्या. फेलिशिया उद्याच्या आगेऱ्यासाठी टोपलीला लाल कापड बांधत होती. तिनं ठमाबाईंचा चेहरा पाहिला, टोपली खाली ठेवली आणि आपल्या मुलाला हाक मारली. मेलरॉयनं जुनी व्हॅन काढली. दोघी मागं बसल्या. विळा सीटखाली गेला.

या वेळी पहारेकऱ्यानं सलाम केला, नंबर टिपला आणि चिठ्ठी दिली: जागा क्रमांक सत्तेचाळीस.

व्हॅन आत वळली. चाकाखाली काहीतरी ओलं, मऊ, करकरत दबल्याचा आवाज आला. ठमाबाईंना तो आवाज कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी मेलरॉयच्या खांद्यावर हात ठेवला. "थांब रं पोरा." पण मागं दुसरी गाडी हॉर्न वाजवत होती आणि पुढचा माणूस शिट्टी फुंकत होता, "लेफ्ट, लेफ्ट, अजून मागं, आने दो, आने दो!" सत्तेचाळीस क्रमांकावर, आडवा करायचा राहून गेलेला, भरल्या लोंब्यांचा शेवटचा पट्टा उभा होता. व्हॅन नेमकी त्यावर जाऊन थांबली. अशा रीतीनं त्या वर्षी उरल्यासुरल्या उभ्या भाताला, चाकाखाली का होईना, नियमाप्रमाणे ठमाबाईंनीच हात लावला.

त्या खाली उतरल्या. चहूकडे गाड्या होत्या. मधून कुठं कुठं एखादी लोंबी, मान मोडून, बोनेटखालून बाहेर बघत होती. विळ्यानं कापण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"चल गो," फेलिशिया म्हणाली. "जावदे."

"दोन मुठीच लागतात ना," ठमाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पदर खोचला.

शहात्तर वर्षांची ती बाई एकेका गाडीपाशी गुडघे टेकून बसू लागली. चाकांच्या खाचांत, चिखल अडवणाऱ्या पत्र्यांच्या आत, नंबरप्लेटच्या मागं जिथं जिथं लोंब्या अडकल्या होत्या, तिथून ती त्या अलगद सोडवून काढत होती, जसं पोरीच्या केसांतला गुंता काढतात तसं. फेलिशिया दुसऱ्या बाजूनं वाकली. दोघींच्या तोंडात गाणं नव्हतं. एक तास गेला, दीड तास गेला. सोळा गाड्या झाल्या तेव्हा एक मूठ भरत आली.

त्याच वेळी पोडियमवरून ध्वनिक्षेपकाचा आवाज आला.

"एक महत्त्वाची सूचना. पार्किंगमध्ये दोन अज्ञात महिला रहिवाशांच्या गाड्यांखाली हात घालत असल्याचं सीसीटीव्हीत आढळलं आहे. गाडीमालकांनी कृपया तातडीनं यावं."

सुगी महोत्सवात तोवर गर्दी रेंगाळत होती. प्रमुख पाहुण्यांनी प्लॅस्टिकच्या भाताला बांधलेली फीत कापली होती, मुंबईच्या बाई नथ सावरत संबंधित देवतेच्या पायरीपर्यंत पोचल्या होत्या, काळुरामांच्या हातात पितळी लोंबीचं स्मृतिचिन्ह होतं आणि केळुसकर 'मातीचं ऋण' या विषयावर बोलत होते. सूचना ऐकताच सगळे उठले आणि खरोखर शेताकडे धावले.

"ए बाई, काय चाललंय? टायर फोडताय काय?"

"अहो, ही तर आपली टाळ्यावाली!"

श्रिया धापा टाकत आली. "आजी? तुम्ही? हे काय हातात?"

"माजी मूठ हाय. तुमीच दिलेली."

"पण ही माझ्या गाडीला लागलेली होती," कोलमचे एक गृहस्थ म्हणाले. "माझ्या गाडीतून काढलेली वस्तू माझी नाही का? तत्त्वाचा प्रश्न आहे."

तत्त्वाचा प्रश्न असल्यामुळे केळुसकरांनी जागेवरच बैठक घेतली. ठमाबाईंची मूठ मुठीत होती. सगळे तिच्याकडे पाहत होते. निर्णय असा झाला: ठरावानुसार पहिल्या दोन मुठी ठमाबाईंच्या आहेत, परंतु त्या कापलेल्या असणं अभिप्रेत आहे. गाडीस चिकटलेला ऐवज गाडीमालकाचा राहील.

"मना द्या," फेलिशिया पुढं आली. "एकच मूठ द्या. उद्या चर्चात मिस्सा हाय."

काळुरामांनी फेटा काढला. गर्दीतून वाट काढत ते बायकोपाशी आले आणि त्यांनी पितळी लोंबी तिच्यापुढं धरली. ठमाबाईंनी ती हातात घेतली, उलटी करून पाहिली.

"ईला दाना नाय," त्या म्हणाल्या, आणि परत दिली.

मग त्यांनी मूठ उघडली. "घ्या," असं त्या कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही, पण घेतली मात्र सगळ्यांनी. कुणीतरी एक लोंबी उचलून गाडीच्या आतल्या आरशाला बांधली. "वा, किती अस्सल!" असं दुसरं कुणी म्हणालं आणि आपल्या गाडीखाली वाकलं. पाच मिनिटांत बासष्ट गाड्यांखाली बासष्ट कुटुंबं गुडघ्यांवर होती. मुलं किंचाळत होती, "पप्पा, मला पण भात मिळाला!" श्रियाच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. जो अनुभव उपसमितीला दीड महिन्यात आखता आला नव्हता, तो घडत होता. ऋतुराजनं तिथल्या तिथं त्याला 'कार हार्वेस्ट' असं नाव दिलं. पुढच्या वर्षीही तो ठेवावा, असा ठराव एकमतानं झाला. शेत नसल्यास आयोजकांनी ते उपलब्ध करून द्यावं, असंही त्यात नमूद केलं गेलं.

रविवारी आगेऱ्याची मिरवणूक निघाली. ढोल होता, बॅण्ड होता, लुगडी नेसलेल्या बाया होत्या. फेलिशिया सगळ्यांच्या पुढं होती, लाल कापड बांधलेली रिकामी टोपली डोक्यावर घेऊन. पाद्रींनी टोपलीत पाहिलं, तिच्या तोंडाकडं पाहिलं, आणि रिकाम्या टोपलीवर पवित्र पाणी शिंपडलं. गावदेवीची पायरी सकाळी ठमाबाईंनी धुतली आणि ओलीच ठेवली.

दोन्ही घरांत अजून नव्या तांदळाचा भात शिजलेला नाही. दुकानातून आणलेला आहे, तो खातात. विचारलं तर ठमाबाई म्हणतात, "दोन मुठी पोचाच्या हायत."

तुम्हाला हे वाचून वाईट वाटलं आहे, हे आम्ही जाणतो. तुम्ही ही गोष्ट तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाठवाल, खाली हात जोडलेलं चित्रही टाकाल. तत्पूर्वी एवढंच करा. खाली जा, गाडीचं दार उघडा, आणि समोरच्या आरशाला जी वाळकी लोंबी लटकते आहे, ज्या लोंबीबद्दल तुम्ही पाहुण्यांना "आमच्याकडे हे सगळं अजून जपलंय हं" असं सांगता, तिचे दाणे एकदा मोजून बघा. साधारण साठ दाणे भरतील. ती कुणाच्या पायरीवर आणि कुणाच्या दारी जायची होती, हे आता तुम्हाला माहीत आहे. गावठाण तुमच्या गेटपासून दोनशे पावलांवर आहे.

पण तुम्ही गाडी काढाल. आणि मग तिकडे ती लावायला जागा नाही म्हणून परत याल.